एक साचा, अनेक खिडक्या

रेल्वे स्थानकाच्या कचेरीत एक नोंदवही आहे, असे समजा. एखादी माहिती हवी असेल तर प्रवाशाने आत शिरून ती वही चाळायची नसते. खिडकीशी उभे राहून विचारायचे. आतला कारकून वही पाहून उत्तर देतो. संगणकाच्या आज्ञावलीतही हीच शिस्त पाळतात. माहिती आणि तिच्यावर करावयाची कामे एकत्र बांधून जो घटक तयार होतो त्याला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात आणि त्या कामांना ‘मेथड’. ही कल्पना नॉर्वेतील डाल आणि नीगार्ड यांच्या 1967 च्या ‘सिम्युला’ या भाषेतून पुढे आली.

आता ठाण्याहून धिम्या गाडीने निघू या. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि कल्याण. यांतले प्रत्येक स्थानक म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याच्या वहीत तीन नोंदी ठेवू: नाव, मुंबईपासूनचे अंतर आणि तेथे रेल्वे आल्याचे वर्ष. ठाण्याच्या वहीत 34 किलोमीटर आणि 1853 असे असेल. कल्याणच्या वहीत वर्ष 1854. प्रत्येक नोंदीला दोन खिडक्या लागतात, एक नोंद सांगणारी आणि दुसरी नोंद बदलणारी. बदलणारी खिडकी पहाराही करते. अंतर म्हणून कोणी उणे 34 दिले तर ती ते आत घेत नाही.

तीन नोंदींच्या सहा खिडक्या हाताने लिहिता येतील. पण नोंदी तीस झाल्या की खिडक्या साठ होतात, आणि नोंदीचे नाव सोडले तर बहुतेक सगळ्या एकसारख्याच! प्रत्येक गाडीसाठी आपण गतीचे समीकरण निराळे पाठ करत नाही. मग येथे तरी तेच ते साठदा का लिहावे? म्हणून साचा एकदाच लिहितात: ‘नोंदीचे नाव द्या, तिच्या दोन खिडक्या घ्या.’ आज्ञावली चालू झाल्यावर ती नावांची यादी वाचते आणि खिडक्या स्वतःच तयार करते.

यात केवळ श्रमच वाचतात असे नाही. कित्येकदा नोंदींची नावे आज्ञावली लिहिताना ठाऊकच नसतात. ती एखाद्या तक्त्याच्या मथळ्यात असतात. मात्सुमोतो यांच्या ‘रूबी’ भाषेवर आधारलेली ‘रेल्स’ ही प्रणाली (नाव आपल्या उदाहरणाला साजेसेच आहे!) 2004 साली आली. ती तक्त्यातील रकान्यांची नावे वाचून त्यांच्या खिडक्या आपणहून बनवते. तक्त्यात ‘सरकता जिना’ हा रकाना वाढवला की त्याची खिडकीही तयार.

मात्र साचा वापरताना एक गंमतीदार घोटाळा होतो. साचा फिरत असताना चालू नोंदीचे नाव जणू एका पाटीवर लिहिलेले असते: आधी ‘नाव’, मग ‘अंतर’, शेवटी ‘वर्ष’. खिडकीने ते नाव स्वतःजवळ टिपून न घेता ‘पाटीवर पाहावे’ एवढेच लक्षात ठेवले, तर काय होईल? काम संपते तेव्हा पाटीवर ‘वर्ष’ उरलेले असते. मग ठाण्याचे अंतर विचारले तरी उत्तर येते 1853! पायथॉन भाषेत नवशिक्यांना हा अनुभव वरचेवर येतो. खिडकी तयार होत असतानाच तिचे नाव तिच्या हाती दिले की घोटाळा मिटतो.

दुसरा धोका अधिक वाईट, कारण तो दिसत नाही. काही भाषांत, नसलेल्या खिडकीकडे आलेला प्रश्न एका सर्वसाधारण कारकुनाकडे पाठवण्याची सोय आहे. हा कारकून फार मनमिळाऊ असला तर ‘अंतर’ऐवजी चुकून ‘आंतर’ लिहिले तरी तक्रार करत नाही. त्या नावाची कोरी नोंद उघडून ‘काही नाही’ असे उत्तर देतो. आज्ञावली न अडता पुढे जाते आणि चूक भलत्याच ठिकाणी प्रकटते. म्हणून कारकुनाजवळ मान्य नावांची यादी हवी, आणि यादीबाहेरचे नाव आले की त्याने तेथेच अडवले पाहिजे.

राहिला प्रश्न बदलणाऱ्या खिडकीचा. ती सर्वच नोंदींना हवी का? बोरीबंदरहून पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्यास आली. ते वर्ष आता बदलणार नाही, तेव्हा त्याला फक्त सांगणारी खिडकी पुरे. स्थानकाचे नावही तसेच कायमचे, असे वाटेल. पण ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’चे 1996 साली ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ झाले आणि 2017 साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. दिवा स्थानकासाठी दहा नोंदींची यादी करा आणि कोणत्या नोंदीला एक खिडकी, कोणत्या नोंदीला दोन, ते ठरवून पाहा.