तीन पौंडांचा फास

गिरमिट म्हटले की आपल्याकडे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार डोळ्यांपुढे येते. परंतु एके काळी लाखो हिंदी मजुरांच्या तोंडी हा शब्द ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश होता.

खानदेशातून आगगाडीचे रूळ पडत होते, त्याच सुमारास, १८६० साली, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीस गिरमिटियांचे पहिले जहाज लागले. मद्रास व कलकत्ता या बंदरांतून गेलेली ही माणसे प्रथम उसाच्या मळ्यांसाठी नेली. पुढे सरकारी रेल्वेने त्यांना रुळांच्या कामावर घेतले, आणि न्यूकॅसल, डंडीकडील खाणमालकांनी कोळसा काढण्यास. कोळशावाचून इंजिन चालत नाही आणि रुळावाचून कोळसा बंदरास पोचत नाही. दोन्हीकडे आफ्रिकी मजुरांच्या जोडीला हिंदी मजूर राबत होता.

करार पाच वर्षांचा. मजुरी पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग, पाचव्या वर्षी १४, शिवाय शिधा. मजुरी तुटपुंजी होती एवढ्यावरून आम्ही याला गुलामी म्हणत नाही. काम सोडून जाणे हा गुन्हा होता, म्हणून म्हणतो. त्यातच १८९५ च्या कायद्याने करार संपल्यावर तेथे मोकळे राहणाऱ्यावर वर्षाला तीन पौंड कर बसवला. तीन पौंड म्हणजे ६० शिलिंग, पाचव्या वर्षाच्या दरानेही चार महिन्यांहून अधिक कमाई! कर भरा, मायदेशी चालते व्हा, नाहीतर पुन्हा गिरमिट लिहून द्या.

नामदार गोखल्यांच्या प्रयत्नाने १९११ साली नाताळची मजूरभरती थांबली. १९१२ मध्ये ते स्वतः तिकडे जाऊन आले. कर मात्र उठला नाही. तेव्हा ऑक्टोबर १९१३ मध्ये ट्रान्सवालहून आलेल्या हिंदी स्त्रियांनी न्यूकॅसलच्या खाणकामगारांना हाक दिली. संप खाणींतून मळ्यांत व रेल्वेत पसरला. गांधीजींबरोबर दोन हजारांवर माणसे बायकामुलांसह सरहद्दीकडे पायी निघाली. सरकारने त्यांना पकडून खाणींची आवारेच तुरुंग ठरवली, आणि शिक्षा कोणती, तर कोळसा काढणे! तरीही १९१४ साली कर रद्द झाला.

आज आमच्या जिल्ह्यांतून जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. पण न फिटलेली उचल पुढच्या हंगामास माणूस बांधून ठेवते. म्हणून आमचे सांगणे एवढेच : मजुरी ठरवताना उचल किती, वळती किती, आणि हिशेब कोणाच्या वहीत, हे आधी विचारा.