शिक्षण संपल्यावर परदेशात किती दिवस काम करता येतं? कर्ज काढण्याआधी हिशोब वाचा



हल्ली सोसायटीत डिझेल आणि बर्फाच्या भावाइतकीच आणखी एका गोष्टीची चौकशी होते. 'पोराला इंग्लंडला पाठवायचंय. वर्षभर शिकेल, मग दोन वर्षं काम करून कर्ज फेडेल. बरोबर ना?' विचारणारे बोटमालक असतात, तांडेल असतात, बाजारात मासे विकणाऱ्या आपल्या बहिणीही असतात. पोरांनी शिकावं, पुढे जावं, याचा आम्हाला आनंदच आहे. पण या प्रश्नातली 'दोन वर्षं' आता बदलली आहेत, आणि पुष्कळ घरांनी कर्जाचं सगळं गणित त्या दोन वर्षांवरच मांडलेलं आहे. म्हणून हा विषय आज सविस्तर घेतोय.

आधी शब्द समजून घेऊ

शिकायला जाताना मिळतो तो विद्यार्थी व्हिसा. त्यावर कामाची मुभा थोडी असते. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरचा अभ्यासक्रम करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, त्याहून जास्त नाही. स्वतःचा धंदा तर अजिबात करता येत नाही. अभ्यास संपल्यावर तिथेच राहून पूर्णवेळ काम करायचं असेल तर वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये त्याला 'ग्रॅज्युएट रूट' म्हणतात. आपण त्याला 'पदवीनंतरचा व्हिसा' म्हणू.

हा व्हिसा १ जुलै २०२१ पासून सुरू झाला. त्याआधी २०१२ साली तिथल्या सरकारने अशीच जुनी सोय बंद करून टाकली होती. म्हणजे ही सोय कोणाचा कायमचा हक्क नाही. सरकार ती देतं, कमी करतं, बंदही करतं. वीस-पंचवीस लाखांचं कर्ज अशा सोयीवर उभं करताना हे लक्षात ठेवायला हवं.

या व्हिसावर काय मिळतं, काय मिळत नाही

मिळतं ते असं. हातात नोकरी नसली तरी अर्ज करता येतो. जवळपास कुठलंही काम करता येतं, ऑफिसातलं, दुकानातलं, हॉटेलातलं, स्वतःचा धंदासुद्धा. मालक बदलला तरी कोणाला विचारावं लागत नाही. पगाराची किमान अटही नाही.

मिळत नाही ते असं. या व्हिसाची मुदत वाढवता येत नाही. हा काळ कायम वास्तव्याच्या वर्षांत धरला जात नाही. आणि शिकवणीचा मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थ्यांना १ जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी नवरा, बायको किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. पदवीनंतरच्या व्हिसावर नवी माणसं नेता येत नाहीत, आधीपासून विद्यार्थ्यासोबत असलेलेच पुढे राहू शकतात. 'आधी मुलगी जाईल, मग जावई जाईल' असं ठरवत असाल तर थांबा आणि हा नियम पुन्हा वाचा.

दोन वर्षांचे दीड वर्ष कसं झालं

आतापर्यंत पदवी आणि मास्टर्सवाल्यांना दोन वर्षं मिळत होती, पीएचडीवाल्यांना तीन. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थलांतराबद्दलची श्वेतपत्रिका काढली आणि ही मुदत कमी करायचं सांगितलं. त्यानंतर नियम ठरला तो असा: १ जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर जो अर्ज करेल, त्याला पदवी किंवा मास्टर्सनंतर फक्त १८ महिने मिळतील. पीएचडीची तीन वर्षं कायम आहेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पोरगं कधी गेलं ही तारीख धरत नाहीत, पदवीनंतरच्या व्हिसाचा अर्ज कधी केला ती तारीख धरतात.

सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्याचं शिक्षण २०२७ मध्ये संपेल. त्याला १८ महिनेच मिळणार. एजंट आजही 'दोन वर्षं' सांगत असेल तर तो जुना भाव सांगतोय.

सप्टेंबर २०२५ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्यांचं तसं नाही. त्यांचा अभ्यासक्रम २०२६ च्या सप्टेंबरच्या आसपास संपतो. विद्यार्थी व्हिसा त्यानंतर साधारण चार महिने चालतो, म्हणजे जानेवारी २०२७ पर्यंत. 'व्हिसा जानेवारीपर्यंत आहे, सावकाश अर्ज करू' असं म्हणून थांबलं, तर सहा महिने हातचे जातील. ३१ डिसेंबर २०२६ च्या आत अर्ज गेला तर दोन वर्षं, एक दिवस उशीर झाला तर दीड.

अर्ज करण्याआधी विद्यापीठाने तिथल्या गृहखात्याला 'हा विद्यार्थी उत्तीर्ण झाला' असं कळवावं लागतं. पदवीदान समारंभाची किंवा कागदी प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नाही. पण विद्यापीठ कधी कळवणार, हे आत्ताच विचारून ठेवायला हवं. प्रबंध उशिरा दिला, एखादा विषय राहिला, तर निकाल पुढे जातो आणि तारीख हातातून निसटते. तुमचं पोर सध्या तिथे असेल तर आज रात्रीच्या फोनवर हे सांगा.

आणखी दोन गोष्टी. अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करायचा असतो, विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी. आणि अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत देशाबाहेर पडायचं नाही. चतुर्थीला घरी यायचं म्हणून मधेच विमान पकडलं तर अर्ज मागे घेतला असं समजलं जातं.

खर्च किती

एप्रिल २०२५ च्या दरपत्रकात या व्हिसाची फी ८८० पौंड होती. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळा आगाऊ. १८ महिन्यांचा अधिभार होतो १,५५२ पौंड ५० पेन्स. दोन्ही मिळून सुमारे २,४३० पौंड. पौंड १२० रुपये धरला तर जवळपास २ लाख ९० हजार. ही फी वेळोवेळी वाढते, म्हणून अर्ज करताना त्या दिवसाचा आकडा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर बघायचा. बहुतेक घरांच्या हिशोबात ही रक्कम धरलेलीच नसते. मग शेवटच्या महिन्यात फोन येतो, 'बाबा, तीन लाख पाठवा.' आणि तो फोन जूनच्या बंदीत आला, तर बोट किनाऱ्याला आणि हात रिकामे.

आता आपला हिशोब मांडू

समजा २५ लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष बँका साधारणपणे हप्ता मागत नाहीत. पण व्याज थांबत नाही. वर्षाला २ लाख ७५ हजार, दोन वर्षांत साडेपाच लाख. ते मुदलात मिळालं की कर्ज होतं साडेतीस लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला हप्ता साधारण ४२ हजार रुपये.

आता पोराची बाजू. घरभाडं, जेवण, प्रवास वजा जाता तो महिन्याला ५०० पौंड मागे टाकतो असं धरू. १८ महिन्यांत ९,००० पौंड, म्हणजे १० लाख ८० हजार. त्यातून व्हिसाचा खर्च काढला तर उरतात ८ लाखांच्या आत. आणि हे पहिल्या दिवसापासून काम मिळालं तर. नोकरी शोधण्यात तीन-चार महिने गेले तर आकडा आणखी खाली येतो.

समोर कर्ज साडेतीस लाखांचं. दीड वर्षात कर्ज फिटत नाही, हे या हिशोबात स्वच्छ दिसतं. फिटायचं असेल तर त्या दीड वर्षात पुढचा, मोठा व्हिसा मिळेल अशी नोकरी लागायला हवी. नाहीतर पोर परत येतो आणि हप्ता इथल्या कमाईतून द्यावा लागतो. सहकर्जदार म्हणून सही तुमची असते, बँक तुमच्याच दारात येते.

पुढचा व्हिसा: कुशल कामगार

दीड वर्षानंतर राहायचं तर 'स्किल्ड वर्कर' व्हिसा लागतो. त्यासाठी परवानाधारक मालकाची नोकरी हवी. २२ जुलै २०२५ पासून साधारण पगाराची मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे आणि काम पदवीच्या पातळीचं असावं लागतं. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना सवलत आहे. त्यांच्यासाठी ३३,४०० पौंड, पण त्या त्या कामाचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल तर तो लागू होतो. ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षं, आणि पदवीनंतरच्या व्हिसाचा काळ त्यातच मोजला जातो.

म्हणजे हॉटेलात किंवा गोदामात काम करून दीड वर्ष निघेल, पुढचा व्हिसा त्यातून मिळणार नाही. म्हणून कोर्स निवडतानाच विचारायचं: हे शिकून कुठली नोकरी लागते, आणि तिचा सुरुवातीचा पगार किती? गावातल्या कोणीतरी केला म्हणून आपणही तोच कोर्स, असं करू नका.

मालकाकडे परवाना आहे का, हे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच्या यादीत फुकट बघता येतं. आणि 'इतके लाख द्या, स्पॉन्सरशिप मिळवून देतो' असं कोणी म्हणालं तर तो फसवणूक करतोय असं समजा. असे व्यवहार बेकायदा आहेत, आणि पकडलं गेलं तर व्हिसा पोराचा जातो, एजंटाचा नाही.

बाकीचे देश थोडक्यात

- कॅनडा: अभ्यासक्रमाच्या लांबीप्रमाणे तीन वर्षांपर्यंत काम करता येतं, पण हा परवाना आयुष्यात एकदाच. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेची अट आली, आणि कॉलेजच्या डिप्लोम्यांना ठराविक विषयांचीच मुभा राहिली. 'कुठलाही डिप्लोमा चालतो' हे आता खरं नाही.
- ऑस्ट्रेलिया: १ जुलै २०२४ पासून बहुतेकांना वयाची मर्यादा ३५ वर्षं. भारताशी झालेल्या करारामुळे आपल्या मुलांना मास्टर्सनंतर तीन वर्षं मिळू शकतात.
- आयर्लंड: मास्टर्सनंतर दोन वर्षांपर्यंत.
- जर्मनी: पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, त्यामुळे कर्ज मुळातच कमी लागतं. पण भाषा यायला हवी.
- अमेरिका: १२ महिने. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठराविक विषयांना आणखी २४ महिने. त्यानंतर बहुतेकांना एच-१बीच्या सोडतीवरच अवलंबून राहावं लागतं.

पोर्तुगीज पासपोर्टाबद्दल

हा प्रश्न गोव्यात येणारच. ३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज पासपोर्टावर नव्याने ब्रिटनमध्ये जाऊन राहता किंवा काम करता येत नाही, तिथे व्हिसा लागतोच. आयर्लंड, जर्मनी आणि युरोपीय संघातल्या इतर देशांत मात्र तो चालतो. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व कायद्याने संपतं. घर, जमीन, बोट ज्याच्या नावावर आहे त्याने वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

पैसे उभे करताना

१. बोट तारण ठेवू नका. बोट दहा महिने घर चालवते, हप्ता थकला आणि ती गेली तर कमाईही गेली.

२. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. खाजगी सावकाराकडे जाण्याआधी तिथे आपण पात्र आहोत का ते विचारा.

३. शिक्षणाच्या काळात जमेल तेवढं व्याज भरत राहा. वरच्या हिशोबातले साडेपाच लाख मुदलात मिसळू दिले नाहीत, तर हप्ता ४२ हजारांऐवजी साधारण साडेचौतीस हजार बसतो.

४. एजंटाला पुष्कळदा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. म्हणून तो दाखवतो तीच तीन कॉलेजं चांगली असं नाही. त्याने सांगितलेली प्रत्येक मुदत आणि फी सरकारी संकेतस्थळावर पोराकडून तपासून घ्या.

५. 'नोकरी नाही मिळाली तर?' या प्रश्नाचं उत्तर जाण्याआधी घरात बसून ठरवा. परत येणं म्हणजे हरणं नाही, पण परत आल्यावर हप्ता कोण आणि कशातून भरणार हे लिहून ठेवा.

हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय आपण दर्यात बोट घालत नाही. पोरांना सात समुद्रापलीकडे पाठवताना निदान तेवढी तरी खबरदारी घ्यायला हवी. ज्यांच्या घरी कागद तयार आहेत, त्यांनी ऑफर लेटर आणि बँकेचं पत्र घेऊन सोसायटीच्या कार्यालयात यावं, हिशोब एकत्र बसून मांडू. आणि ज्यांचं पोर सप्टेंबर २०२५ पासून तिकडे शिकतंय, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट आजच पोचवा. ३१ डिसेंबर २०२६ ही तारीख त्यांच्यासाठी आहे.