वाचन अडलं, हुशारी नाही

गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो, दुकानात पाठवलं तर सुटे पैसे बरोबर आणतो, पण पुस्तक समोर धरलं की तिसऱ्या शब्दाला अडतो. असं मूल आपल्या भागात असलं, की कारण तयारच असतं: ‘घरात मराठी, शाळेत कन्नड, बिचाऱ्याचा गोंधळ होतो.’ मग त्याला इंग्रजी शाळेत घालतात. फी वाढते, अडचण तिथेच राहते. उलट इंग्रजीचं स्पेलिंग अशा मुलाला जास्तच छळतं.

दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षराशी जोडणं या मुलांना जड जातं. ही अडचण बरेचदा घराण्यात असते आणि प्रत्येक भाषेत दिसते. म्हणूनच तपासणीही दोन्ही भाषांत व्हायला हवी. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ मध्ये आली. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठीची ही चाचणी मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाल तेव्हा तिचं नाव घेऊन विचारा. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.

चष्मा लागला असेल तर तो द्यावाच. पण रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नका. हे उपाय डिस्लेक्सियावर उपयोगी असल्याचा पुरावा नाही, असं अमेरिकेतील बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच सांगितलं आहे. बुद्धिवर्धक टॉनिकांची तर गोष्टच सोडा.

उपयोग होतो तो आवाजापासून सुरू होणाऱ्या, पायरीपायरीच्या शिकवण्याचा. आधी पुस्तकाशिवाय: ‘साखर’ला टाळ्या किती? ‘कमल’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? मग एक-दोन अक्षरं, तोंडाने आवाज काढत, ताटातल्या रव्यात बोटाने गिरवायची. भ आणि म एकाच दिवशी नकोत. कन्नडमधल्या प, व, म, ष यांची वळणं तर इतकी जवळची, की त्यांच्यात आठवड्याचं अंतर ठेवलेलं बरं. ‘कि’ची वेलांटी डोळ्याला आधी दिसते, आवाज मात्र नंतर येतो, हे मुद्दाम दाखवावं लागतं. कन्नडचं ओत्ताक्षर खाली लटकतं, तेही तसंच. एका लिपीत पाय रोवला की दुसरी घ्या. रोज वीस मिनिटं पुरेत. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं ही मदत नव्हे, शिक्षा आहे.

हे घरातली कॉलेजात जाणारी ताईही करू शकते. शिकवणी लावायचीच तर बाईंना आधी विचारा, ‘वाचन कसं शिकवणार? तीन महिन्यांनी फरक कसा मोजणार?’ नुसता गृहपाठ उरकून देणाऱ्या शिकवणीने वाचन सुधारत नाही. दोन-तीन पालकांनी मिळून एक शिक्षिका ठरवली तर खर्चही वाटला जातो. वाचायला प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ मोबाइलवर फुकट आहे. त्यावर मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतली पुस्तकं सोप्या पातळीपासून मिळतात.

सरकारी दार आपल्याकडचे पालक क्वचितच ठोठावतात. तालुक्याच्या बीईओ कार्यालयात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या शिक्षकांची चौकशी करा. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी त्यात नमूद आहेत. तीन भाषांचं ओझं वाहणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही शेवटची सोय फार मोलाची. मात्र ती आपोआप मिळत नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोचेची सही असलेली प्रत जपून ठेवा, आणि हे सगळं नववीतच करा. दहावीचे फॉर्म भरताना धावपळ केली तर कागद वेळेत पोचत नाहीत.