पायरी नसलेले दुकान

परभणीच्या बाजारात माल खराब निघाला, तर गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर हजर होते. दुकानदार कुठे जाणार? इंटरनेटवरच्या दुकानाला पायरीच नाही. म्हणून कायदा आधी विचारतो, विकणारा कोण आणि राहतो कुठे?

माझ्या भाचीने कैरीचे लोणचे इंटरनेटवर विकायला काढले. पहिल्याच आठवड्यात हैदराबादहून मागणी आली. "मामू, टाकून देऊ का पार्सल?" मी कविता लिहिणारा माणूस, पण चौकशी केली आणि म्हणालो, "बेटा, जरा थांब."

कारण असे. वर्षाला ४० लाख रुपयांच्या आत उलाढाल असलेल्या आपल्या राज्यातल्या विक्रेत्याला विक्री-संकेतस्थळांमार्फत माल विकण्यासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकण्यापुरतीच. पापडाला जीएसटी नाही, लोणच्याला आहे. ते तेलंगणात पाठवायचे, तर एका बरणीसाठीही नोंदणी हवी.

पदार्थ घरच्या चुलीवरचा असला, तरी विकण्याआधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे एफएसएसएआयकडे नोंद करावी लागते. तो १४ अंकी क्रमांक बरणीवर छापायचा. सोबत करणाऱ्याचे नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ते आणि तक्रारीसाठी फोन. यातला बहुतेक तपशील २०१८ पासून संकेतस्थळावरही दाखवावा लागतो.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात ती निकालात काढायची. माल बिघडलेला किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. स्वतःच गिऱ्हाईक बनून स्वतःच्या मालाचे कौतुक लिहिणेही मना आहे. मुशायऱ्यात स्वतःच्याच शेराला कुणी 'वाह वा' म्हणते का?

दोन गोष्टी अनुभवाच्या. बरणी भरून खोके बंद करताना मोबाईलवर चित्रण करून ठेवा. फुटल्याची तक्रार आली की उपयोगी पडते. आणि 'पैसे पाठवतो, पिन टाका' असे कुणी म्हणाले, तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

हैदराबादच्या गिऱ्हाइकाला भाचीने नम्रपणे नकार कळवला. पण लेबल छापायला देताना तिचा हात अडखळला. "मामू, माझे नाव वाचून कुणी घेतलेच नाही तर?"

काय सांगणार? मी म्हणालो, "नाव छापायलाच हवे, बेटा. आणि छापायचेच, तर ठळक छाप. लोणचे चाखल्यावर लोक तेच नाव शोधत येतील."

पहिली बरणी गंगाखेडला गेली. पंधरा दिवसांनी त्याच घरातून आणखी दोन बरण्यांची मागणी आली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)