टाकलेल्या वस्तूचा धनी कोण?

दुधाची पिशवी कापताना कोपरा सुटा करायचा नाही, लटकता ठेवायचा. आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी हे चार-पाच वेळा बजावले, तेव्हा कुठे माझ्या अंगवळणी पडले. धुतलेली पिशवी भंगारवाला वजनावर घेतो. तो चिमुकला कोपरा मात्र भाजीच्या देठांबरोबर जातो आणि खतात जसाच्या तसा सापडतो. राज्याच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीने दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायला सांगितले होते. ते ५० पैसे मागायला दुकानात गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पिशव्या परत फिरतात त्या ताईंच्या पोत्यातून.

कचऱ्याचे नियम म्हटले की आपल्याला ओला-सुका आठवतो. पण टाकलेली वस्तू त्यानंतर कोणाची, हा त्यातला खरा भांडणाचा मुद्दा. पुण्यात तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायकांबरोबर काम करत होत्या. उकिरडा उपसण्यापेक्षा दारातूनच सुका माल मिळावा, म्हणून या बायकांना ओळखपत्रे दिली गेली. बस्तान बसते न बसते तोच एका खासगी व्यावसायिकाने गाडी घेऊन घरोघर कचरा उचलायला सुरुवात केली. बायका रस्त्यावर उतरल्या. १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. संघटनेचे नावच भंगारच्या दुकानातल्या ढिगांवरून घेतलेले!

पुढे अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात कचऱ्याचा विषय गेला आणि २००० साली घनकचऱ्याचे देशव्यापी नियम आले. घरोघर जाऊन कचरा गोळा करणे महापालिकांवर बंधनकारक झाले. म्हणजे काम तेच, जे या बायका आधीपासून करत होत्या. आता त्याला ठेकेदारही मिळू शकत होता. ठेकेदार येण्याआधीच पंचायतीने पाऊल उचलले. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. घरांनी महिन्याचे शुल्क द्यायचे, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत जायचा आणि सुका माल विकून येणारे पैसे वेचणाऱ्या बाईचे. माझ्या मते या करारातले सगळ्यात मोलाचे कलम हे शेवटचे. वर्गीकरण नीट झाले तर फायदा कोणाला, हे त्यातून ठरले.

२०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले, सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून द्यायला सांगितले आणि कचरावेचकांना यंत्रणेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणारी हॉटेले, मंगल कार्यालये, कचेऱ्या हे ‘मोठे उत्पादक’ ठरले. ओल्या कचऱ्याची विल्हेवाट त्यांनी शक्यतो आपल्याच आवारात लावायची. पुणे महापालिका गांडूळखतासाठी मिळकतकरात सूटही देते. एका सोसायटीत या सवलतीसाठी बांधलेला खड्डा मी पाहिला आहे. त्यात मोडक्या खुर्च्या होत्या.

अशा वाया गेलेल्या खड्ड्यांची किंमत पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी मोजली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे तिथल्या डेपोत ओतला गेला, विहिरी नासल्या आणि गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या.

सगळाच सुका कचरा विकला जातो, असेही नाही. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा, रद्दी, पत्रा यांना भाव आहे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारवाला हात लावत नाही. त्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते पाकीट निवडण्यात जाणारा वेळ बाईचा, पण त्याचा मोबदला शून्य. अशा वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे प्लॅस्टिकचे नियमही २०१६ चेच. दारातल्या पोत्यापर्यंत त्यातले फारसे पोचलेले दिसत नाही.

२०२० च्या अखेरीस ‘स्वच्छ’च्या कराराची मुदत पुन्हा संपली आणि काम ठेकेदाराकडे द्यावे, अशी चर्चा सुरू झाली. त्या दिवसांत ताई नेहमीसारख्या सकाळी यायच्या. एकदा ढकलगाडी जिन्याजवळ लावून त्यांनी विचारले, “नवीन माणूस आला, तर सुका माल कोण नेणार, साहेब?”

मी म्हटले, “करारात असेल ते.”

“पण करार वाचून दाखवणार कोण?” त्या म्हणाल्या, आणि वरच्या मजल्याची बादली घ्यायला निघून गेल्या.