गुडघ्यातल्या थेंबाची साक्ष

निरोगी कुत्र्याच्या मागच्या पायाच्या गुडघ्यात सुई घातली, तर जेमतेम काही थेंब हाती लागतात. रंगहीन किंवा किंचित पिवळसर, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव. त्यातला एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून पशुवैद्य बोटं सावकाश लांब करतात, घरात पाकाची तार बघतात तशी. तार दोन-अडीच सेंटीमीटर ताणली गेली तर वंगण दाट आहे. लगेच तुटली तर ते पातळ झालंय, आणि बहुतेक वेळा आत दाह सुरू असतो.

सुश्रुतसंहितेत सांध्याला तेल दिलेल्या आसावर सहज फिरणाऱ्या चाकाची उपमा दिली आहे. ती चपखल आहे, पण या द्रवाला वंगणाखेरीज आणखी एक काम असतं. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि चेतातंतूही नसतात. तिला अन्न मुख्यतः या द्रवातूनच मिळतं आणि तिचा कचराही त्यातच उतरतो. ती झिजू लागली तर स्वतः दुखत नाही, पण तिचे तुकडे द्रवात येतात. एक्स-रेवर काही दिसण्याच्या आधी येतात, म्हणून त्या थेंबाला इतकं मोल.

कुत्र्याच्या गुडघ्याची सर्वांत परिचित तक्रार म्हणजे पुढचा क्रुशिएट अस्थिबंध तुटणं. खेळाडूचा अस्थिबंध एखाद्या झटक्यात तुटतो. कुत्र्याचा बहुधा दोराचे पदर सुटत जावेत तसा कुजत जातो आणि एखाद्या साध्या उडीत उरलासुरला तुटतो. लॅब्रेडॉर, रॉटवायलर, न्यूफाउंडलँड या जातींत हे जास्त. अमेरिकेत 2003 या एका वर्षात या एकाच दुखापतीच्या उपचारांवर सुमारे 1.32 अब्ज डॉलर खर्च झाल्याचा अंदाज आहे.

ऑरेगॉनमधल्या युजीन गावचे पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी या प्रश्नाकडे उतारावर उभ्या गाडीसारखं पाहिलं. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता असतो, पुष्कळदा 25 अंशांच्या आसपास. अस्थिबंध तुटला की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि नडगी पुढे सरकते. मग तुटलेला दोर बांधण्यापेक्षा उतारच काढला तर? गोल करवतीनं माथा कापायचा, फिरवून उतार पाच अंशांच्या जवळ आणायचा आणि प्लेट-स्क्रूनं बसवायचा. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेली ही शस्त्रक्रिया आज टीपीएलओ म्हणून सगळीकडे होते. लंगडणारं कुत्रं काही महिन्यांत पुन्हा धावतं, आणि ते पाहणं हा खरा आनंद आहे.

पण धावणारं कुत्रं म्हणजे बरा झालेला सांधा नव्हे. शस्त्रक्रिया कोणतीही असो, संधिवात बहुतेक गुडघ्यांत पुढे सरकतच राहतो. पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं की कूर्चेवर चरे, भेगा, कुठे उघडं पडलेलं हाड दिसतं. पण निव्वळ बघण्यासाठी बऱ्या दिसणाऱ्या कुत्र्याला पुन्हा भूल द्यायची का? सुईनं काढलेला थेंब त्या मानानं सौम्य.

त्या थेंबातलं वाचायचं कसं, याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर एका निळ्या रंगात आहे. कूर्चेत कोलॅजनच्या जाळीत अ‍ॅग्रिकन नावाचे रेणू अडकलेले असतात. त्यांच्या ऋणभारित साखळ्या पाणी धरून ठेवतात, म्हणून कूर्चा दाबली तरी पुन्हा फुगते. विकरं या रेणूंना कातरू लागली की गंधकयुक्त साखळ्यांचे तुकडे द्रवात येतात. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत फार्नडेल, सेयर्स आणि बॅरेट यांनी 1982 मध्ये त्यांच्या मोजणीची सोपी रीत दिली: डायमिथाइलमिथिलीन ब्लू. या साखळ्या भेटताच निळा रंग जांभळा होतो आणि छटेवरून प्रमाण कळतं. वंगणाला दाटपणा देणाऱ्या हायलुरोनिक आम्लात गंधक नाही, त्यामुळे रंग त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

अ‍ॅग्रिकन गेलं तर पेशी ते पुन्हा बनवू शकतात. कोलॅजनची जाळी फाटली की ती शिवली जात नाही. म्हणून सीटीएक्स-टू, सीटूसी अशा कोलॅजनच्या खुणा वेगळ्या शोधाव्या लागतात. त्यांचे आकडे चढले तर काळजी जास्त.

हे वाचन कठीण आहे आणि त्याबद्दल घाई करणाऱ्यांशी माझं पटत नाही. सुजलेल्या गुडघ्यात द्रव वाढतो, तुकडे विरळ होतात आणि आकडा खोटा दिलासा देतो. शस्त्रक्रिया हाही सांध्याला बसलेला मारच, त्यामुळे पहिल्या आठवड्यांतला आकडा रोगाचा किती आणि सुरीचा किती हे सांगता येत नाही. शिवाय कूर्चा नुसती झिजत नाही. पाँड आणि नुकी यांनी 1973 मध्ये प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचा अस्थिबंध मुद्दाम कापून संधिवाताचा अभ्यास मांडला. पुढे इंडियानात ब्रँट यांच्या गटानं अशाच कुत्र्यांना 54 महिने सांभाळलं. तिथे कूर्चा आधी जाड झाली, डागडुजीच्या धडपडीत तिनं नवं अ‍ॅग्रिकनही बनवलं, आणि मग ती गेली. धडपडणाऱ्या कूर्चेचे तुकडेही थेंबात येतात. उलट शेवटी, झिजायलाच काही उरलं नाही की आकडा खाली येतो. माणसाच्या संधिवाताबद्दल आपल्याला जे कळलं, त्यातलं बरंचसं त्या मुक्या जनावरांनी लंगडत मिळवून दिलं आहे, हे विसरता येत नाही.

एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली की मालकाला हायसं वाटतं. पण अशा कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसऱ्या पायाचा अस्थिबंधही पुढे तुटतो. त्या दुसऱ्या, अजून न लंगडणाऱ्या गुडघ्यातून पहिल्या शस्त्रक्रियेच्या भुलीतच काढलेला थेंब पुष्कळदा आधीच पातळ असतो. बोटांमध्ये त्याची तार धरत नाही.