नोकरीतले शिक्षण : काल आणि आज

नोकरी लागली की शिक्षण संपले, अशी समजूत आपल्या मागच्या पिढीत होती. गिरणीत लागलेला मुलगा साचे खात्यात जुन्या कामगाराशेजारी उभा राहून काम शिके. कचेरीत लागलेला हेडक्लार्कच्या हाताखाली टिपणी लिहायला शिके. एकदा शिकलेले काम निवृत्तीपर्यंत पुरत असे. आज यंत्रे व संगणकप्रणाली दर काही वर्षांनी बदलतात आणि नोकरदाराला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. म्हणून या शिक्षणाचे स्वरूप आपण समजून घेतले पाहिजे.

यातला पहिला मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. त्यासाठी 1961 चा कायदा आहे. 2019 च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने कर्मचारीसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी या जागांत राखीव वाटा आहे. उमेदवाराला विद्यावेतन मिळते. मात्र नोकरी मिळेलच अशी हमी नसते.

दुसरा मार्ग ऑनलाईन प्रशिक्षणाचा. केंद्र शासनाचे 'स्वयम्' हे व्यासपीठ 2017 साली सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 2020 साली 'मिशन कर्मयोगी' मंजूर झाले. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत खाजगी कंपन्यांनीही आपले प्रशिक्षणवर्ग पडद्यावर नेले. गावातल्या मुलालाही नामांकित प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकता येऊ लागले, हा लाभ लहान नाही.

परंतु या सोयीमागे एक अडचण दडलेली आहे. पूर्वी शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत धरला जाई. आता पुष्कळ ठिकाणी तो कामगाराच्या घरच्या वेळेतून जातो. एका खोलीचे घर, अभ्यासाला बसलेली मुले, एकच मोबाईल आणि संपत आलेला डेटा, अशा स्थितीत रात्री अकरा वाजता धडा पाहणाऱ्याच्या पदरी काय पडणार? मग चित्रफीत नुसती चालू ठेवायची, शेवटच्या प्रश्नांची उत्तरे कुणाला तरी विचारायची आणि प्रमाणपत्र घ्यायचे, असे होते. कागद हाती येतो, काम येत नाही. शिवाय वेल्डिंगचा हात किंवा रुग्णाची शुश्रूषा पाहून समजते, पण करूनच येते. चुकलेला हात धरून दाखवणारा माणूस पडद्यात नसतो.

तेव्हा कोणत्याही अभ्यासक्रमाला नाव घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे प्रमाणपत्र आपल्या खात्यात किंवा पुढच्या नोकरीत ग्राह्य धरतात काय? शिकण्यासाठी कामाच्या वेळेतून किती तास मिळतील? शिकलेले प्रत्यक्ष करून पाहण्याची संधी कोठे आहे? दुसऱ्या प्रश्नाबाबत संघटनेमार्फत लेखी मागणी करणे हेच योग्य.

आपल्यालाही काही करता येईल. संस्थेच्या सभागृहात रविवारी दोन तास एकत्र बसून धडे पाहावेत. ज्या सभासदाला ते काम येते त्याने शेजारी बसून शंका सोडवाव्यात. एकट्याने सुरू केलेला अभ्यास मध्येच सुटतो; चौघे बरोबर असले की तो तडीस जातो. मागच्या पिढीला शेजारी उभा राहणारा जाणता कामगार मिळाला. नव्या पिढीच्या शेजारी ती जागा आपण रिकामी ठेवू नये.